नऊ नंबरच्या शिक्क्याचा जळफळाट

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे, आणि गेली कित्येक वर्षं माझ्या पोटात दुखतंय. शिक्क्याला पोट नसतं हे मलाही ठाऊक आहे. मूठ असते, मान असते, तोंड असतं. पण दुसऱ्याचं कौतुक ऐकून जे दुखतं ना, त्याला पोट लागतच नाही. ते मुठीतसुद्धा दुखतं.

हे दुखणं मला शेजाऱ्यामुळे लागलं. शेजारी म्हणजे आठ नंबरचा शिक्का. मी नऊ नंबर. आमच्यात एका आकड्याचं अंतर आणि शिक्क्यांच्या स्टँडवर दोन बोटांचं. एवढ्याशा जागेत मी इतका जळलो, इतका जळलो, की त्या धगीवर आख्ख्या गावाचा स्वयंपाक झाला असता. खोटं वाटत असेल तर स्टँडला विचारा. त्याचा रंग उगाच उडालेला नाही.

पण आधी जन्माचं सांगतो.

माझी मूठ एका बुडालेल्या जहाजाच्या सुकाणूपासून केली आहे, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं तर ती मोडक्या खुर्चीच्या पायाची आहे. पण खुर्चीच्या पायाची गोष्ट कोण ऐकून घेतो? मला करणारा म्हातारा चष्मा कपाळावर चढवायचा आणि मग दिवसभर तोच चष्मा शोधत बसायचा. त्याने चिमट्याने एकेक अक्षर उलटं लावलं, रबर तापवलं, दाबलं, आणि माझं तोंड तयार झालं. आम्ही शिक्के जन्मतःच उलटे. कागदावर आपटल्यावर सरळ होतो. त्याच दिवशी, रबराच्या त्याच पट्टीतून त्याने आठ नंबरही कापला. म्हणजे तसे आम्ही सख्खे भाऊ. तो माझ्या अर्धा तास आधी जन्मला, आणि तेही मला पहिल्यापासून खुपतं.

आम्हाला एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात पाठवलं. तिथे रेकॉर्ड रूम होती. पेशंट घरी गेला की त्याची फाईल जिन्याने खाली यायची. खालचा माणूस ती उघडायचा, डॉक्टरांनी कोणता आजार लिहिलाय ते वाचायचा आणि त्या आजाराचा नंबर फाईलवर मारायचा. एक ठसा आतल्या कागदावर, एक कव्हरवर. प्रत्येक आजाराला नंबर असतो, मित्रांनो. मोडलेल्या हाडाला असतो, कानदुखीला असतो. कुठल्याशा जाड पुस्तकात तर पोपट चावला तर त्यालाही आहे. ही थाप नाही. बाकीच्या आहेत, ही नाही.

नंबर कशाला, असं विचाराल. एकाच आजाराला दहा ठिकाणी दहा नावं असतात. नंबर मात्र एकच. आणि पेशंट पुन्हा आला की वरच्या डॉक्टरांपुढे ही लांब रांग! ते कुठे फाईल पहिल्या पानापासून वाचत बसणार? कव्हरवरचा ठसा बघायचे आणि औषध लिहायचे. म्हणजे कव्हरवर आम्ही जे बोलू, ते खरं.

आमचं घराणं ब जीवनसत्त्वाचं. ब जीवनसत्त्व एकटं नसतं, ते मोठं खटलं आहे. ब-एक, ब-दोन, ब-तीन, ब-सहा, ब-बारा, शिवाय फोलिक अ‍ॅसिड. मधले काही नंबर कुठे गेले म्हणाल, तर त्यांनी पळून जाऊन लग्नं केली, असं मी सांगतो. ह्यांच्यापैकी कोणीही अंगात कमी पडलं तरी माणूस थकतो, चिडतो, कधी जीभ सोलवटते, कधी हातापायांना मुंग्या येतात. पण कोण कमी पडलंय ते बघून औषध बदलतं. म्हणून नंबरही वेगवेगळे.

आता आमचा दोघांचा फरक सांगतो. ब-बारासारखं कोणी कमी असेल, पण अंगातलं रक्त कमी झालेलं नसेल, तर तिथे आठ नंबर लागायचा. त्याच्या तोंडावर खाली एक रिकामी रेघ होती. ठसा उठवला की त्या रेघेवर पेनाने जीवनसत्त्वाचं नाव लिहायचं. आणि माझ्या तोंडावर काय होतं? 'ई ५३.९. ब जीवनसत्त्वाची कमतरता. प्रकार नमूद नाही.' बस्स. ना रेघ, ना नाव, ना कटकट. मी काही त्या शब्दांचा फार विचार केला नाही. नऊ हा आठापेक्षा मोठा, तेव्हा मी मोठा, एवढं मला पुरेसं होतं.

रेकॉर्ड रूमच्या साहेबांना आम्ही शिक्के जांभईसाहेब म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. पण त्यांनी जांभई द्यायला तोंड उघडलं की स्टँडवरचे हलके शिक्के आत ओढले जायचे. तारखेचा शिक्का एकदा त्यांच्या अक्कलदाढेपर्यंत जाऊन आला, आणि तेव्हापासून तो दोन दिवस मागे चालतो.

साहेबांच्या कामाला एक नियम होता. डॉक्टरांनी जेवढं लिहिलंय तेवढ्याचाच नंबर द्यायचा. आपल्या मनाने काही ठरवायचं नाही. रिपोर्टमध्ये ढळढळीत दिसत असलं तरी नाही. डॉक्टरांनी अर्धवट लिहिलं असेल तर चौकशीची चिठ्ठी लिहून वर पाठवायची. आणि डॉक्टर तर नेहमीच अर्धवट लिहायचे. 'ब कमी.' एवढे दोन शब्द, आणि खाली वळवळणारी सही.

चिठ्ठी वर न्यायची मावशींनी. कागदांची ने-आण त्यांच्याकडे होती, आणि त्यांचे गुडघे पहिल्या पायरीपासूनच बोलायला लागायचे.

"साहेब, तीन मजले आहेत. चिठ्ठी फार तातडीची आहे का?"

"छे हो, मावशी. बसा तुम्ही."

"नाही, तुम्ही म्हणत असाल तर जाते. परत येईन तेव्हा येईन."

"बसा म्हटलं ना. हा आहे की आपला नऊ नंबर."

आणि ठप्प!

'आपला' म्हणायचे, मित्रांनो. तो शब्द ऐकून माझी मान ताठ व्हायची. दिवसाला चाळीस-चाळीस फायलींवर मी बसायचो. माझा आवाज असा दणदणीत, की तिसऱ्या मजल्यावरच्या एका पेशंटची आठ दिवसांची उचकी माझ्या एका ठप्प्याने थांबली. डॉक्टरांनी ते आपल्या औषधाच्या नावावर टाकलं. मी मोठ्या मनाने गप्प बसलो.

आणि आठ नंबर? कोरडा ठणठणीत. त्याच्या त्या रेघेवर कोळ्याने जाळं विणलं होतं. मी मुद्दाम विचारायचो, "काय रे आठ्या, आज किती?"

"आज नाही."

"आणि काल?"

"काल पण नाही."

"बघ हो, गंजशील."

"रबर गंजत नाही," तो शांतपणे म्हणायचा. एवढा शांतपणे, की चिडवायला गेलेला मीच चिडून परत यायचो.

अशी कित्येक वर्षं गेली. मग साहेबांच्या हाताखाली एक नवीन बाई आल्या. अंगाने काडी, नजर सुई. पहिल्याच दिवशी त्यांनी एक फाईल उचलली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढली. साहेब बघतच राहिले.

"बाई, कादंबरी आहे का ती?"

"नाही सर. पण शेवटापर्यंत वाचल्याशिवाय नंबर कसा देऊ?"

"शेवट काय, माणूस घरी गेला."

"तो आला कशासाठी होता, ते बघते."

दुसऱ्या दिवसापासून चौकशीच्या चिठ्ठ्या वर जायला लागल्या. दिवसाला पाच, कधी सात. मावशींनी त्यांचं नाव चौकशीबाई ठेवलं. "सगळ्या जगाची चौकशी करतात, माझ्या गुडघ्यांची तेवढी राहिली," असं पुटपुटत त्या जिना चढायच्या. पण खरं सांगतो, उत्तरं यायची! 'ब-बारा.' 'फोलिक अ‍ॅसिड.' डॉक्टरांना माहीत असायचं. फक्त त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

आणि मग ते झालं. चौकशीबाईंनी आठ्याला उचललं. जाळं फुंकलं. ओल्या फडक्याने तोंड पुसलं, टाचणीने रेघ कोरून साफ केली. कोऱ्या कागदावर उठवून बघितला आणि म्हणाल्या, "अय्या, किती सुबक उठतो हा!"

सुबक! इतक्या वर्षांत मला कोणी सुबक म्हटलं नव्हतं. माझ्या अक्षरांत शाईचे गोळे बसले होते, 'नमूद'मधला 'द' अर्धा झिजला होता. अहो, कामाने झिजला होता! त्याचं कौतुक नाही. आणि हा, नुसता बसून राहिलेला, ह्याला ओलं फडकं!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याचे ठसे मोजायला लागलो. सोमवारी नऊ. मंगळवारी तेरा. माझे चाळिसाचे वीस झाले, विसाचे सहा. त्याला नवीन निळं पॅड आलं. मला तेच जुनं, कडेने भेगाळलेलं. एकदा मी अंग हलवून टाचण्यांचा डबा त्याच्या डोक्यावर पाडला. तर चौकशीबाई धावल्या. "अरे, ह्याला लागलं नाही ना?" शिक्क्याला लागलं का, असं कोणी विचारतं का हो? मला तर साहेब एकदा खाली पाडून दुपारपर्यंत विसरले होते.

त्यावर कडी अजून व्हायचीच होती. पंख्याने टेबलावरचे कागद उडत होते. चौकशीबाईंनी मला उचललं. मला वाटलं, आला आपला दिवस! त्यांनी मला कागदांवर उभं केलं आणि पंख्याचा वेग वाढवला. पेपरवेट! चाळीस फायलींचा धनी, आणि आता पेपरवेट.

माझ्या खाली अगदी वर जो कागद होता, ती एक चौकशीची चिठ्ठी होती. ती कोणाची, ते आता ऐका, कारण माझं खरं पाप तिथे आहे.

चौकातल्या एका छोट्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ घड्याळं दुरुस्त करायचे. सगळे त्यांना घड्याळकाका म्हणायचे. तीन वर्षांत तिसऱ्यांदा ते हॉस्पिटलात राहून गेले होते. तक्रार तीच. बोटांना मुंग्या, पाय जड, हातातलं निसटतं. त्यांच्या कव्हरवर तीन ठसे होते आणि तिन्ही माझे, तिसरा तर साहेबांनी त्याच सकाळी मारलेला. पहिल्यांदा अंदाजाने आणि पुढे दोन्ही वेळा कव्हर बघून डॉक्टरांनी ब गटाच्या एकत्र गोळ्या दिल्या आणि काका घरी गेले.

चौकशीबाईंनी ती फाईल तळापर्यंत वाचली, तर अकराव्या पानावर एक रिपोर्ट निघाला. तीन वर्षांपूर्वीचा. तो आला तोवर काका घरी गेले होते आणि साहेबांनी मला मारूनही झालं होतं. मग रिपोर्ट नुसता टाचून आत गेला. रक्त ठीक होतं. ब-बारा मात्र तळाला गेलं होतं.

"सर, हे बघितलंत? आणि ह्यांच्या पोटाचं मोठं ऑपरेशनही झालंय. अशांना कधीकधी गोळीतलं ब-बारा अंगी लागत नाही. इंजेक्शन द्यावं लागतं म्हणे."

"बाई, आपण डॉक्टर आहोत का?"

"नाही ना. म्हणून तर विचारतेय."

त्यांनी चिठ्ठी लिहिली. 'पान अकरावरचा रिपोर्ट कृपया पाहावा. ब जीवनसत्त्वांपैकी कोणतं कमी आहे ते लिहून द्यावं.' आणि मावशी येईपर्यंत उडू नये म्हणून ती माझ्या खाली ठेवली.

आता पुढे काय होणार, ते मला दिसत होतं. चिठ्ठी वर जाणार, उत्तर येणार, माझ्या तिन्ही ठशांवर काट बसणार आणि शेजारी आठ्या मिरवणार. एक नाही, दोन नाही, तीन ठसे! माझ्या तोंडावर सकाळची शाई अजून ओली होती. मी माझा सगळा भार खाली दिला आणि चिठ्ठीला घट्ट चिकटलो.

थोड्या वेळाने जांभईसाहेबांनी सवयीने मला उचललं. चिठ्ठी माझ्याबरोबर वर आली. साहेबांचं लक्ष नव्हतं, जांभई ऐन भरात होती. त्यांच्यापुढे शिडीवरून पडलेल्या एका रंगाऱ्याची फाईल होती. पाय मोडलेला, आणि जोडीला 'ब कमी'. आतल्या कागदावर कोणीतरी नुकताच डिंकाने रिपोर्ट चिकटवला होता, डिंक ओला होता. ठप्प! चिठ्ठी तिथे बसली. मी तोंड सोडवलं. साहेबांनी फाईल मिटली, कव्हरवर दुसरा ठप्पा मारला, आणि रंगाऱ्याची फाईल मागच्या कपाटात गेली.

मला वाटेतच सुटता आलं असतं, मित्रांनो. जरा सैल झालो असतो तर चिठ्ठी टेबलावर पडली असती. मी सैल झालो नाही. इथे मी थाप मारू शकतो, पंख्यावर ढकलू शकतो. पण ढकलत नाही.

चौकशीबाईंना वाटलं, चिठ्ठी मावशींनी नेली. रोज विचारायच्या, "मावशी, वरून उत्तर आलं का?" मावशी खरंच सांगायच्या, "आज काही आलं नाही, बाई." एक आठवडा गेला. दुसरा गेला. बाई एकदा वर जायला उठल्या, तर साहेब म्हणाले, "डॉक्टरांच्या असं मागे लागायचं नसतं. पंधरा दिवस त्यांचे असतात." त्या बसल्या. मी स्टँडवर आनंदात डुलत होतो. तीन ठसे शाबूत!

तिसरा आठवडा संपता संपता रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी दोन माणसं आली. एक घड्याळकाका, आणि त्यांचा दंड धरलेली त्यांची सून.

"फाईलची नक्कल हवीय," सून म्हणाली. "दुसरीकडे दाखवायचंय ह्यांना."

"काही दाखवायचं नाहीये," काका म्हणाले. "शनिवारी दुकान बंद करतोय. हत्यारं एकदा देऊन टाकली, की मग मुंग्या येवोत नाहीतर मुंगळे येवोत."

"बाबा, तुम्ही जरा गप्प बसता का?"

"गप्पच तर बसलोय. चाळीस वर्षं दुकानात घड्याळंच बोलत होती."

सुनेने डोळे फिरवले, पण तिची दंडावरची पकड काही सुटली नाही. चौकशीबाईंनी अर्ज पुढे केला. काकांनी पेन धरलं, ते पडलं. पुन्हा धरलं, पुन्हा पडलं. मग सुनेने पेन त्यांच्या बोटांत धरून ठेवलं आणि तशी सही झाली. काका त्या सहीकडे बघून हसले. "ह्या बोटांनी केसाएवढी स्प्रिंग बसवायचो, बाई. आता पेन म्हणजे मुसळ झालंय."

मग त्यांची नजर कव्हरवर गेली. "हे तीनदा काय मारून ठेवलंय?"

चौकशीबाईंनी खालच्या आवाजात वाचलं. "ब जीवनसत्त्वाची कमतरता. प्रकार नमूद नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... काहीतरी कमी आहे, पण कोणतं ते सांगितलेलं नाही."

काकांनी तिन्ही ठशांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "माझ्याकडे कोणी बंद घड्याळ आणलं आणि मी पावतीवर लिहिलं, काहीतरी बिघडलंय, तर? ते त्यालाही माहीत असतं हो. म्हणून तर तो येतो. आणि तेच मी तीनदा लिहिलं, तर तो माझ्या दुकानाची पायरी चढेल का?"

जांभईसाहेबांची जांभई अर्ध्यातच अडकली. ती पुढे दोन दिवस तशीच होती, असं म्हणतात.

मी माझे शब्द हजारो वेळा कागदावर मारले होते. पण त्या दिवशी पहिल्यांदा मी ते ऐकले.

"मी विचारलंय वर," चौकशीबाई घाईने म्हणाल्या. "तीन आठवडे झाले चिठ्ठी पाठवून. मावशी, हीच ती, घड्याळकाकांची..."

"कसली चिठ्ठी?" मावशी म्हणाल्या. "ह्यांच्या नावाची चिठ्ठी माझ्या हातात आलीच नाही. गुडघे गेलेत माझे, डोकं नाही गेलं."

"अहो, इथेच ठेवली होती. ह्या शिक्क्याखाली."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तोंडाला शाई होती म्हणून बरं, नाहीतर मी लाल झालेला दिसलो असतो.

चौकशीबाईंनी दुसरी चिठ्ठी लिहिलीच नाही. फाईल काखेत मारली. "चला काका. आपणच विचारून येऊ."

"बाई, डॉक्टरांच्या असं मागे..." साहेब सुरू झाले.

"सर, तेवढी खिडकी सांभाळाल?"

आणि मावशी उठल्या. आपणहून! "थांबा, मीपण येते. मी असले की वरचे लोक लवकर दार उघडतात. घाबरतात मला."

वर काय झालं ते मला मावशींकडून कळलं, त्यामुळे त्यातलं निम्मं कमी करून सांगतो. माझ्या गोष्टीत थापा मारायचा मान माझा आहे. डॉक्टर आधी वैतागले. मग त्यांनी अकरावं पान उघडलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हा रिपोर्ट मी बघितलाच नव्हता," म्हणाले. त्यांनी काकांचे पाय तपासले, पुन्हा रक्त काढायला लावलं आणि त्याच दुपारी पहिलं इंजेक्शन दिलं. नवा रिपोर्ट आला तोही तसाच, ब-बारा तळाला. मग त्यांनी फाईलवर पूर्ण वाक्य लिहिलं, आणि ते वाचताही येत होतं.

सुनेने विचारलं, "डॉक्टर, हात पहिल्यासारखे होतील ना?"

"बरेचसे होतील. सगळे होतील असं वचन देत नाही. उशीर झालाय."

"किती उशीर?"

"कोणता आठवडा नडला, ते कोणीच सांगू शकणार नाही."

मावशींनी हे वाक्य खाली येऊन जसंच्या तसं सांगितलं, आणि मला एकही थाप सुचेना. तीन वर्षं मी कुणाच्या ना कुणाच्या हातात होतो. मारला म्हणून उठलो, असं म्हणता येतं. पण ते तीन आठवडे? ते माझेच.

दुसऱ्या दिवशी चौकशीबाईंनी लाल पेन घेतलं. माझ्या पहिल्या ठशावर आडवी रेघ. दुसऱ्यावर. तिसऱ्यावर. प्रत्येक काटेजवळ सही. शेजारी आठ्याचा एकच ठसा, आणि त्याच्या रेघेवर निळ्या शाईत 'ब-बारा'. खरं सांगू का, मित्रांनो? एका माणसाचे हात वाचत होते, आणि तेव्हासुद्धा मी मनात म्हणत होतो, काय सुबक उठलाय मेला! असा मी आहे.

शनिवारी दुकान बंद झालं नाही. पण काकांनी बारीक मनगटी घड्याळं एकदम हातात घेतली नाहीत. सून शेजारी स्टूल घेऊन बसायला लागली. ते सांगायचे, ती बसवायची.

"अगं, स्प्रिंग आहे ती, भाजी नव्हे. हळू!"

"मग तुम्हीच बसवा ना, बाबा."

"बसवतो की. थांब सहा महिने."

इंजेक्शनला आले की दोघं खिडकीशी थांबायची आणि असं भांडून दाखवायची. सहा महिन्यांनी नाही, पण वर्षाच्या आत काकांचा उजवा हात बारीक स्क्रू धरायला लागला. डाव्या हाताची टोकं बधिरच राहिली. डाव्या हाताचं काम सूनच करते. एका घड्याळावर दोघांचे मिळून दोन हात, आणि तोंडं मात्र दोन्ही पूर्ण चालतात.

माझं काय झालं? मला वाटलं, आता कचऱ्याची टोपली. पण चौकशीबाई म्हणाल्या, "हाही लागतो. कधीकधी खरंच कोणालाच माहीत नसतं, तेव्हा खोटं नाव लिहिण्यापेक्षा हा बरा." जांभईसाहेबांनी स्वतः एक चिकटपट्टी आणली, तिच्यावर लिहिलं, 'आधी विचारा', आणि ती माझ्या मुठीवर लावली. आता वर चिठ्ठी जाते, तपासणी अजून झालेली नाही असं उत्तर येतं, तेव्हाच मला उचलतात. महिन्यातून दोनदा, फार तर तीनदा. बाईंनी माझे शाईचे गोळेही काढले. सुबक म्हणाल्या नाहीत. मी वाट बघतोय.

ती पहिली चिठ्ठी अजून रंगाऱ्याच्या फाईलमध्ये चिकटलेली आहे. तिथल्या कोणाला हे ठाऊक नाही. तुम्हालाच सांगितलं.

मित्रांनो, जुन्या शिक्क्यांना पुसा, वाळक्या पॅडवर आपटू नका, खाली पडले तर उचला, हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठं मागणं दुसरं आहे. तुमच्या, तुमच्या आजीच्या, शेजारच्या काकांच्या कागदावर कुठे 'प्रकार नमूद नाही' असं दिसलं, तर तो मीच आहे असं समजा. मला बघून मान डोलवून घरी जाऊ नका. खिडकीशी उभे राहा आणि विचारा, "कोणतं?" अजून कळलं नाही म्हणाले, तर विचारा, "मग कधी कळेल?" आणि नीट उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका. कोणी कपाळाला आठ्या घातल्या तरी हलू नका.

तुम्ही असं विचारलंत की माझा आणखी एक ठसा कमी होईल, आणि मला खूप राग येईल. येऊ दे.